कुलपातला नाकतोडा

१

कुलूप होतं. लाकडी पट्ट्यांचं दार होतं. चार्जरचा हिरवा दिवासुद्धा इमानेइतबारे लुकलुकत होता. नव्हता तो फक्त नाकतोडा.

लादिना काडुफने कुलूप उघडलं, आत शिरून सुटकेसांमागे पाहिलं, स्कीच्या बुटांच्या खोक्यात हात घातला, सफरचंदांचा खोका सरकवला. मग बाहेर येऊन तिने कुलूप पुन्हा लावलं आणि पुन्हा उघडलं. दुसऱ्या खेपेला तरी तो आत असेल अशी एक वेडी आशा होती. नव्हता. गुरुवारची संध्याकाळ, पाच वाजून दहा मिनिटं.

स्वित्झर्लंडमधल्या विंटरटूर शहरातल्या बाकीच्या घरांसारखंच त्यांच्याही चार मजली घराखाली एक काँक्रीटचं आसराघर होतं, हल्ला झालाच तर सगळ्यांनी लपायचं. हल्ला काही होत नव्हता. म्हणून त्याचं वीतभर जाडीचं पोलादी दार कायम सताड उघडं असायचं आणि आत लाकडी पट्ट्या ठोकून प्रत्येक बिऱ्हाडाला एकेक कप्पा दिलेला होता. कुणाच्या कप्प्यात वाइन, कुणाच्यात बटाटे. काडुफांच्या कप्प्यात नाकतोडा.

आकाराने तो पावाच्या लादीएवढा. दोन जाड रबरी चाकं, मध्ये डबा, पोटाखाली स्प्रिंगचा पाय. सपाटीवर सरळ धावायचा. पुढे काही आडवं आलं की क्षणभर थबकायचा, पोट जमिनीला टेकवायचा आणि थाप्प, थेट जेवणाच्या टेबलावर. उंचावरून पडला तरी चाकांवर उसळून पुन्हा चालू. घर कोसळलं आणि खाली कुणी अडकलं तर त्याने तीन ठोके द्यावेत. नाकतोड्याने ते ऐकून जागं व्हावं, आवाजाच्या दिशेने निघावं आणि वाट बंद असेल तर चढायला काही सापडतं का ते शोधावं. त्याच्या डोक्यात एवढंच होतं. पण ते घालायला लादिना आणि याच इमारतीत राहणारी तिची मैत्रीण बेसार्ता क्रास्निकी या दोघींना अकरा महिने लागले होते.

परवा, शनिवारी, बचाव पथकासमोर त्याची परीक्षा होती.

शाळेतल्या यंत्रमंडळाचे शिक्षक हेर ब्रेंडली ('हेर' म्हणजे तिकडचं 'श्रीयुत') सायकलवरून धापा टाकत आले. कप्पा पाहिला, भिंतीवरची यादी पाहिली. यादी चोख होती. बुधवार: चार्जर लावला, खूण. कान (ठोके ऐकणारा माइक) बंद केला, खूण. कुलूप लावलं, खूण.

"किल्ल्या किती?" त्यांनी विचारलं.

"दोन."

"कुणाकुणाकडे?"

"एक माझ्या गळ्यात. मी दिवसभर शाळेतच होते."

"आणि दुसरी?"

लादिनाच्या तोंडून नाव निघून गेलं. निघाल्यावर तिला पोलादी दाराशी उभी असलेली बेसार्ता दिसली. खांद्यावर बॅग, केस ओले. ती वळली आणि जिना चढून गेली.

तळमजल्यावरचे हेर आमराइन गोंगाट ऐकून खाली आलेच होते. "दुसऱ्या मजल्यावरची ना? आज दुपारी पाऊण वाजता ती भली मोठी बॅग घेऊन बाहेर पडली. मी बघितलंय."

हेर ब्रेंडलींनी कपाळ चोळलं. "त्याच्या चाकांच्या मोटर एका कंपनीने उसन्या दिल्यात. उद्या सहापर्यंत थांबतो. मग मला त्यांना फोन करावाच लागेल. किल्ली कुणाकडे होती तेही विचारतील."

लादिनाने जिन्याकडे पाहिलं. त्याच कंपनीत बेसार्ताला शिकाऊ उमेदवारीची जागा मिळाली होती आणि सोमवारी करारावर सही व्हायची होती. त्या जागेसाठी बेसार्ताने एकतीस अर्ज लिहिले होते. तीस नकार आले होते.

२

शुक्रवारी शाळेत लादिना वर्गात होती असं फार तर हजेरीपट म्हणेल. साडेतीनला सुटल्यावर ती बसमध्ये बसली. लाल सिग्नलला बस थांबली तेव्हा तिला दम निघेना, म्हणून ती दोन थांबे आधीच उतरून पळत सुटली. पळाल्याने काय होणार होतं कोण जाणे. पण पाय ऐकायलाच तयार नव्हते.

बेसार्ता दुसऱ्या मजल्याच्या पायरीवर बसून पावात चॉकलेटची कांडी खुपसून खात होती.

"काल दुपारी तू तळघरात गेली होतीस?"

"या, इन्स्पेक्टरबाई."

"बेसा, सांग ना."

"नाही गेले. जेवायला घरी आले, जेवले, गेले."

"आणि ती बॅग?"

"ज्युडोचे कपडे. गुरुवारी ज्युडो असतो. चार वर्षं गुरुवारीच असतो." बेसार्ताने घास चावून संपवला. "तुला माहितीये."

लादिनाला माहीत होतं. काल आमराइन बोलले तेव्हाही माहीत होतं. पण तेव्हा तिने ते सांगितलं नव्हतं.

"मग तू का नाही बोललीस हेर ब्रेंडलींना?"

"त्यांनी मला कुठे विचारलं? तुला विचारलं."

"मी फक्त किल्ल्या मोजल्या गं."

"हो. आणि दोनवर थांबलीस." बेसार्ताने खिशातून किल्ली काढून पायरीवर ठेवली. "घे. आता एकाच माणसाकडे दोन्ही आहेत. पुढच्या वेळी मोजायलाही नको."

"मी शोधून काढणार आहे."

"काय? मी कुठे लपवलाय ते?"

"कुणी नेला ते."

"शोध. सोमवारी मला दुसरं काही कामच उरणार नाही, मीही येईन मदतीला." ती उठली, पँटवरचा चुरा झटकला आणि आत गेली. दार आपटलं असतं तर लादिनाला बरं वाटलं असतं. बेसार्ताने ते अगदी हळू लावलं.

चार वाजून दोन मिनिटं. दोन तास उरले होते. आणि ज्या माणसाने बेसार्ताला बॅगेसकट पाहिलं होतं, त्याचं दार खाली किलकिलं उघडं होतं.

३

हेर आमराइन रेल्वेत वेळापत्रकं करत असत. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी घरातलं एकही घड्याळ त्यांच्या परवानगीशिवाय पुढे सरकत नव्हतं.

"पाय पूस," ते म्हणाले. "चोर मी नाही. आता विचार."

"तुम्हाला आमचा नाकतोडा आवडत नाही."

"कुणाला आवडेल? थाप्प, थाप्प, थाप्प. खाली कुणी घोडा बांधलाय असं वाटतं. पण तुझं यंत्र मी उचललं असतं तर तुला माझी चिठ्ठी मिळाली असती. तारीख, वेळ आणि सहीसकट. मी गुपचूप काही करत नाही. गुपचूप करणारे या घरात दुसरेच आहेत."

लादिना पुढे झुकली. "कोण?"

"कालचा वार कोणता?"

"गुरुवार."

"गुरुवारी कपडे कोण धुतं?"

लादिनाने मनातल्या मनात कपाळावर हात मारून घेतला. तळघरातल्या धुण्याच्या खोलीत सगळ्या घराचं मिळून एकच मशीन होतं आणि आठवड्यातला एकेक वार एकेका बिऱ्हाडाचा होता. त्या वेळापत्रकापुढे देशाची घटनासुद्धा किरकोळ. "तुम्ही," ती म्हणाली.

"मी. खोलीची किल्ली बुधवारी आठ वाजता माझ्याकडे आली. ही बघ, या खुंटीवर. काल दुपारी एकपर्यंत हललीही नाही. आणि तरी बारा वाजून वीस मिनिटांनी खाली मशीन गरगरत होतं. माझ्या वारी. त्यातून दुपारच्या विश्रांतीच्या तासात."

"बरं. पण नाकतोडा…"

"मी सूप पीत होतो. पळी घेतली आणि हीटरची नळी ठोकली, ठक ठक ठक. थांबेना. परत ठोकली, ठक ठक ठक. तेव्हा कुठे थांबलं."

"खाली जाऊन नाही बघितलंत?"

"सूप गार झालं असतं. एक वाजता गेलो. खोलीला कुलूप, आत मशीनचा ड्रम गरम. आता सांग, सहा माणसांचं बिऱ्हाड आणि आठवड्याला एकच वार, असं या घरात कोणाचं आहे? दुसऱ्या मजल्याचं. आणि पाऊण वाजता बॅग घेऊन कोण गेलं?"

"ओले कपडे बॅगेत भरून ज्युडोला कोण जाईल हो?"

"ते शोधणं तुझं काम."

लादिना तरातरा बाहेर पडली. अख्खी वीस मिनिटं धुण्याच्या पुराणात गेली होती आणि हाती काय आलं, तर सूप. जिन्यात तिने रागाने कठड्यावर बुक्की मारली. वरून कुणीतरी दचकून विचारलं, "कोण आहे?"

तिसऱ्या मजल्याच्या दारात फ्राउ, म्हणजे श्रीमती, इमहोफ उभ्या होत्या. घराची देखभाल त्यांच्याकडे होती आणि घरातली प्रत्येक किल्ली त्यांच्या जुडग्यात असते असं सगळे म्हणत.

४

फ्राउ इमहोफ म्हणजे चिठ्ठ्या. 'जिन्यात सायकल ठेवू नये.' 'धुण्याचे वार कोणीही परस्पर बदलू नयेत.' अक्षर इतकं देखणं की वाचणाऱ्याला गुन्हा केल्यासारखं वाटावं. आज मात्र त्यांनी दार एका वितीपेक्षा जास्त उघडलं नाही. त्या वितीतून आतल्या खोलीच्या दारावर वाळत टाकलेली एक पांढरी चादर दिसत होती आणि तिच्या टोकावरून थेंब ठिबकत होते.

"फ्राउ इमहोफ, काल दुपारी तुम्ही…"

"काल मी गावात होते. डोळ्यांच्या डॉक्टरकडे. अकरा ते दोन." उत्तर प्रश्नाच्या आधीच आलं होतं.

"आमच्या कप्प्याची किल्ली तुमच्याकडे असते का?"

"कप्प्यांची कुलपं ज्याची त्याची. माझ्याकडे फक्त सामाईक खोल्यांच्या."

आतून एक म्हातारा, पातळ आवाज आला, "रोझली, ट्राम आली का?"

"येतेय, आई. पाचच मिनिटं." फ्राउ इमहोफनी दार आणखी बोटभर लोटलं. "अजून काही?"

"नाही. थँक्यू." लादिना वळली.

"लादिना." आवाज एकदम खाली आला. "असल्या यंत्रांना पाणी लागलं तर ती संपतातच ना?"

"पाणी?"

"तळघरात ओल असते, म्हणून म्हटलं."

"नाही हो. तो पावसात पळतो. आम्ही त्याला कारंज्यात पाडून बघितलंय."

फ्राउ इमहोफचे खांदे खाली आले, जसं कुणी जड पिशवी ठेवावी तसे. "त्या क्रास्निकींच्या मुलीचं नाव कुणी घेतलं?"

लादिनाला खोटं बोलता आलं असतं. "मी," ती म्हणाली.

"तिने नेलेलं नाही."

"तुम्हाला कसं माहीत?"

फ्राउ इमहोफनी तिच्याकडे पाहिलं. मग त्यांनी दार लावलं. आतून कडी सरकल्याचा आवाज आला.

५

पावणेपाच. लादिना कप्प्यात सफरचंदांच्या खोक्यावर बसली, उठली, परत बसली. प्रत्येकाला काहीतरी माहीत होतं आणि ते कुणालाच सांगायचं नव्हतं. तळघरातला दिवा तीन मिनिटांनी आपोआप विझायचा, तसा विझला. अंधारात चाचपडत तिने बटण दाबलं, आणि दिवा लागता लागता समोरच्या सुटकेसवर तिला एक वर्तुळ दिसलं.

धुळीत उमटलेलं, पाच फ्रँकच्या नाण्याएवढं, कडेने कोरल्यासारखं.

तिने ते पन्नासदा पाहिलं होतं, त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर. आईने त्यावरून रामायण केलं होतं. नाकतोड्याचा पाय.

ती गुडघ्यांवर आली. दुसरं वर्तुळ स्कीच्या खोक्यावर होतं. तिसरं दोरीने बांधलेल्या जुन्या वर्तमानपत्रांच्या चवडीवर, सगळ्यात वर, तिच्या खांद्याच्या उंचीला. खोका, सुटकेस, चवड. हा जिनाच होता. पट्ट्यांचं दार छतापर्यंत पोचतच नव्हतं, वर दोन विती मोकळ्या होत्या. खोक्यावर चढून तिने सगळ्यात वरच्या पट्टीवरून बोट फिरवलं. बोटाला काळं रबर लागलं.

त्याला कुणी नेलंच नव्हतं. तो आपणहून गेला होता, भिंतीवरून उड्या मारत, एखाद्या बोक्यासारखा.

तिला ओरडत वर जावंसं वाटलं. दाराशी पोचलीसुद्धा, आणि तिथे थबकली. हेर ब्रेंडली काय विचारतील ते तिला ऐकूच आलं. कान बंद असलेला नाकतोडा जागा झालाच कसा? यादीवर खूण आहे.

यादीवर खूण होती. हिरव्या शाईची, म्हणजे लादिनाची.

तिने बुधवारची संध्याकाळ आठवून पाहिली. बेसार्ताने चार्जर लावला. मग आईने वरून हाक मारली, बटाट्याची रोष्टी गार होतेय. लादिनाने यादीवर एकाखाली एक तीन खुणा केल्या, टिक, टिक, टिक. ती रोजच तशा करायची, आधी खुणा आणि मग कामं, कारण भरलेली यादी तिला छान दिसायची. चार्जर लागला होता. कुलूप तिने लावलं. मधलं काम? डबा उलटा करून पोटावरचं बटण सरकवणं?

तिने ते केल्याचं तिला आठवेना. न केल्याचं मात्र लख्ख आठवायला लागलं.

लादिना यादीसमोर खाली बसली. किल्ल्या मोजल्या, मैत्रिणीकडे बोट दाखवलं, आणि चूक सबंध वेळ भिंतीवर तिच्याच शाईत लटकत होती. सगळ्यांनी ती पाहिली आणि सगळ्यांनी मान डोलावली, कारण या देशात यादीवर खूण असली की काम झालेलंच असतं.

रडायला वेळ नव्हता. पाच वाजून गेले होते.

तर नाकतोड्याचा कान उघडा होता. त्याला उठवायला तीन ठोके लागतात. गुरुवारी भर दुपारी तीन ठोके कुणी दिले?

सूप. पळी. नळी.

लादिना ताडकन उठली. आमराइनांना घरात शांतता हवी होती म्हणून त्यांनी नळी ठोकली, आणि नाकतोड्याला वाटलं कुणीतरी गाडलं गेलंय, मदतीला बोलावतंय. पोलादी दाराच्या उंबऱ्यापलीकडे जमिनीवर चाकांचा ताजा काळा फराटा होता. उंबरा त्याने उडी मारून ओलांडला होता. समोर चार पावलांवर धुण्याची खोली. हीटरची नळी वरून थेट तिथेच उतरत होती. ठोके सगळ्यात मोठे तिथेच वाजले असणार.

आणि तेव्हा त्या खोलीचं दार उघडं होतं, कारण आत कुणीतरी चोरून कपडे धूत होतं.

कोण? बेसार्ताच्या घरचं कुणी असूच शकत नव्हतं. खोलीला कुलूप आणि किल्ली आमराइनांच्या खुंटीवर. आमराइन एक वाजता खाली गेले तेव्हाही कुलूप जागेवर होतं. म्हणजे ते उघडणाऱ्याकडे आणि लावणाऱ्याकडे दुसरी किल्ली होती. सामाईक खोल्यांची दुसरी किल्ली या घरात एकाच जुडग्यात होती.

'धुण्याचे वार कोणीही परस्पर बदलू नयेत.' ती चिठ्ठी कुणी लिहिली होती? आणि धुण्याचा स्वतःचा वार मंगळवार असताना शुक्रवारी ओली चादर कुणाच्या घरात ठिबकत होती, तीही तळघरातली कपडे वाळवायची खोली सोडून? यंत्राला पाण्याची काळजी कुणाला पडली होती?

पाच वाजून पस्तीस. लादिना एकेक सोडून दोन-दोन पायऱ्या चढत सुटली.

६

"दार उघडू नका हवं तर," ती बंद दाराला म्हणाली. "तुम्ही चोरलेला नाही. तो आपणहून तुमच्यापर्यंत आला. चूक माझी आहे, मी त्याचा कान बंद केला नाही. पण सहा वाजता हेर ब्रेंडली कंपनीला फोन करणार आहेत, आणि सोमवारी बेसार्ताची सही आहे."

तिने कपाळ दाराला टेकवलं.

"तुम्ही धुणं का धुतलंत ते मी कुणालाच सांगणार नाही. मला माहीतही नाही. मला फक्त तो हवाय."

ती तिथेच थांबली. मग म्हातारा आवाज म्हणाला, "रोझली, कुणीतरी आलंय गं." दार मात्र उघडलं नाही.

सहाला तळघराच्या बोळात सगळे जमले. हेर ब्रेंडली हातात फोन घेऊन होते, आमराइन छातीशी हात बांधून. बेसार्ता भिंतीला टेकून उभी होती, कारण हेर ब्रेंडलींनी तिला बोलावून घेतलं होतं. लादिनाने आधी यादी दाखवली.

"ही खूण खोटी आहे. मी काम न करता केली."

मग वर्तुळं दाखवली, पट्टीवरचं रबर दाखवलं, उंबऱ्यापलीकडचा फराटा दाखवला. पळी आणि नळीचं आलं तेव्हा आमराइनांनी छातीवरचे हात सोडले. "म्हणजे मी त्याला बोलावला?"

"हो."

"मी?"

"आणि इथे आला." लादिना धुण्याच्या खोलीच्या दारात थांबली. पुढचं वाक्य तिला ठाऊक होतं. ते तिने गिळलं.

"मग आता कुठे आहे?" हेर ब्रेंडलींनी विचारलं.

"ते मी नाही सांगू शकत."

"लादिना, वर्तुळं मी मानतो. पण यंत्राशिवाय ही नुसती गोष्ट झाली. ते लोक मला गोष्ट नाही विचारणार." त्यांनी घड्याळ पाहिलं आणि नंबर शोधायला लागले. बेसार्ता बुटांकडे बघत होती.

तेवढ्यात लिफ्ट खाली आली.

फ्राउ इमहोफ टॉवेलमध्ये गुंडाळलेलं काहीतरी दोन्ही हातांवर घेऊन बाहेर आल्या. टॉवेलच्या बाहेर एक रबरी चाक डोकावत होतं.

"कोणाच्याही वारी मी धुते," त्या म्हणाल्या. आमराइनांकडे बघून, एका दमात. "दोन महिने झाले. आईला आता रात्री कळत नाही. रोज सकाळी दोन चादरी. मंगळवारपर्यंत कशी थांबू? तुमचे ठोके ऐकले, मशीन बंद केलं, तुम्ही येताय का ते ऐकायला जिन्याशी गेले. परत आले तर दिवा विझलेला. अंधारातच चादरी टोपलीत कोंबल्या आणि वर गेले. टोपली उपडी केली तर तळाशी उडी मारून बसलेला हा बाहेर पडला. याचा दिवा एकदा लुकलुकला आणि विझला. मला वाटलं, मी मारला. संध्याकाळी गुपचूप आणून ठेवणार होते, तर इथे ही गर्दी. मग पोरीचं नाव आलं आणि…" त्या बेसार्ताकडे वळल्या. "तुझ्यासाठी बोलायला मी एक दिवस उशीर केला. माफ कर."

बेसार्ताने नाकतोडा हातात घेतला, उलटा केला, पोटावरचं बटण पाहिलं. ते उघडंच होतं. "मेला नाहीये," ती म्हणाली. "भूक लागलीये. बॅटरी संपली."

आमराइनांनी घसा खाकरला. "दोन महिने?"

"हो."

"माझ्या वारी किती वेळा?"

"प्रत्येक गुरुवारी."

त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं. मनातल्या मनात ते वेळापत्रक लावत होते हे उघड होतं. "बाराला मशीन फिरलं की मला सूप जात नाही," ते शेवटी म्हणाले. "आठ ते दहा धुवा. मी दहानंतर धुईन. माझे सगळे मिळून चार शर्ट असतात. आणि बाकीच्यांशी मी बोलतो. ते माझं ऐकतात."

"घाबरून ऐकतात," बेसार्ता पुटपुटली.

"ऐकतात ना?"

हेर ब्रेंडली बेसार्तासमोर जाऊन उभे राहिले. "मी तुला विचारायला हवं होतं."

"हो," ती म्हणाली.

लादिना तिच्याजवळ गेली. "बेसा…"

"तू खूण केलीस," बेसार्ता चार्जरचं टोक बसवत म्हणाली. "न बघता. यादीवर केलीस, आणि मग माझ्यावर पण केलीस."

हिरवा दिवा लागला. लादिनाने हेर ब्रेंडलींपुढे हात केला. "फोन मी करते."

कंपनीतल्या बाईंना तिने सगळं सांगितलं, आपल्या चुकीपासून सुरुवात करून. धुण्याचं तेवढं वगळलं. मग बाईंनी विचारलं, "तर उद्या यंत्र चालवणार कोण? कागदावर तुझं नाव आहे."

अकरा महिने लादिना परीक्षेतल्या त्या दहा मिनिटांची स्वप्नं पाहत होती.

"बेसार्ता क्रास्निकी," ती म्हणाली. "सोमवारी तुमच्याकडेच येतेय ती. तिचा हात माझ्यापेक्षा स्थिर आहे."

*

बचाव पथकाच्या सरावाच्या मैदानावर काँक्रीटचा एक मोठा ढिगारा असतो आणि त्याच्या पोटात माणूस झोपवायला एक फट असते. शनिवारी सकाळी थंडगार पाऊस होता आणि त्या फटीत शिरायला कुणीच पुढे येत नव्हतं. लादिनाने हात वर केला.

आत अंधार होता. पाठीखाली दगड, मानेवर ठिबकणारं पाणी. बाहेर कोण काय बोलतंय ते काही कळत नव्हतं. ती अशी कधी पडून राहिली नव्हती, काही न करता, दुसऱ्या कुणावर सगळं सोपवून. खाज सुटली. पाय हलवावासा वाटला. बेसार्ता काल रात्री जिन्यात भेटली तेव्हा नुसतं "साडेनऊला" एवढंच म्हणाली होती.

लादिनाने दगड उचलून वरच्या लोखंडी गजावर मारला. ठक. ठक. ठक.

काही नाही. पाऊस.

पुन्हा तीन ठोके.

लांब कुठेतरी थाप्प झालं. मग चाकांची घरघर, थांबली. थाप्प. आणखी जवळ. तिच्या तोंडावर खडीचा चुरा सांडला आणि पायाशी एक छोटा पांढरा दिवा डोकावला. नाकतोड्याने इकडे तिकडे पाहिलं, पोट टेकवलं आणि उडी मारून तिच्या पोटावर येऊन बसला.

त्याच्या पोटातला छोटा स्पीकर खरखरला.

"सापडली," बेसार्ताचा आवाज बाहेरच्या कुणालातरी म्हणाला. मग जरा हळू, फक्त आतल्या माणसासाठी, "हाडं शाबूत आहेत का गं, बावळट?"

"आहेत," लादिना म्हणाली.

"मग पडून राहा. पथकवाल्यांना अजून एकदा बघायचंय. आणि माझी किल्ली परत आण."